शंभर किलोचा स्ट्रायकर: अडेबायो अकिन्फेन्वाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा तोच ना, व्हिडिओ गेममधला?

तोच. फिफा गेममध्ये ज्याला धक्का दिला की आपलाच बचावपटू भुईसपाट व्हायचा, तो. वेग जवळपास शून्य आणि ताकदीचा आकडा गेममधल्या सगळ्या खेळाडूंपेक्षा जास्त. आमच्या कंपूत नियमच होता की अकिन्फेन्वा घ्यायचा नाही, घेतला तर जेवणाचं बिल त्याने द्यायचं. बऱ्याच जणांना वाटायचं की गेमवाल्यांनी गंमत म्हणून हा माणूस तयार केलाय. तो खराखुरा आहे, बावीस हंगाम फुटबॉलवर पोट भरलं, आणि त्यातलं एकही वर्ष प्रीमियर लीगमध्ये गेलं नाही. हे पान त्या बावीस वर्षांबद्दल आहे. गेमबद्दल पुढे फारसं काही नाही.

थोडक्यात ओळख?

जन्म १० मे १९८२, लंडनमधलं इझलिंग्टन. आईवडील नायजेरियाचे. मित्रांमध्ये ‘बायो’, प्रेक्षकांमध्ये ‘बीस्ट’. लहानपणापासून लिव्हरपूलचा भक्त, आणि हे पुढे दोनदा कामी येणार आहे. शेवटचा सामना मे २०२२ मध्ये, वयाची चाळिशी नुकतीच पूर्ण करून. एकूण गोल दोनशेच्या वर, सामने सातशेच्या घरात.

‘लोअर लीग’ म्हणजे नक्की किती खाली?

इंग्लंडमध्ये वर प्रीमियर लीग, त्यात २० क्लब. त्याखाली चॅम्पियनशिप, लीग वन आणि लीग टू, प्रत्येकी २४ क्लब. म्हणजे ‘लीग वन’ ही खरं तर तिसरी पायरी आणि ‘लीग टू’ चौथी. ही नावं २००४ साली बदलली आणि तेव्हापासून नवख्या माणसाचा गोंधळ ठरलेला. त्याच्याही खाली नॅशनल लीग आणि मग गावोगावचं फुटबॉल. अकिन्फेन्वाची जवळजवळ सगळी हयात तिसऱ्या आणि चौथ्या पायरीवर गेली.

हंगामात ४६ लीग सामने, वर कपचे वेगळे. शनिवारी दुपारी एक, मंगळवारी रात्री एक, मधल्या दिवशी बसने तीनशे किलोमीटर. मैदानात चार-पाच हजार माणसं. चौथ्या पायरीवरचा सामना बघायला एवढी माणसं कशी येतात, हा प्रश्न मला मुंबई-पुण्याचे लोक विचारतात. कोल्हापूरच्या माणसाने कधी विचारला नाही. शाहू स्टेडियमवर पेठेच्या संघासाठी घसा बसेपर्यंत ओरडलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

सुरुवात लिथुआनियात का झाली?

कारण इंग्लंडमध्ये कोणी घेतलं नाही. २००१ साली ओळखीतून क्लाइपेडा शहरातल्या अटलान्टास क्लबमध्ये जागा मिळाली. एकोणीस वर्षांचा लंडनचा काळा मुलगा, बाल्टिक समुद्राकाठच्या एका बंदरगावात. स्टँडमधून वर्णद्वेषी घोषणा पहिल्यापासून सुरू झाल्या. त्याने नंतर मुलाखतींमधून हे पुष्कळदा सांगितलंय. परत यायचं मनात आलं होतं, थांबला, हेही सांगितलंय. त्या मुक्कामात त्याने लिथुआनियन कप जिंकला.

हा भाग लोक ‘संघर्षाचे दिवस’ म्हणून दोन ओळींत उरकतात. मला तो सगळ्यात जास्त अडतो. पुढे इंग्लंडमध्ये स्टँडमधून त्याच्या वजनावर गाणी म्हटली जायची तेव्हा तो हसून हात हलवायचा. ‘किती दिलदार माणूस’ असं समालोचक म्हणायचे. क्लाइपेडातून आलेल्या माणसाला ‘जाड्या’ हा शब्द किती लागणार?

२००३-०४ मध्ये तो चार क्लबांकडून खेळला, हे खरं आहे का?

खरं आहे. लिथुआनियानंतर वेल्समधल्या बॅरी टाउनकडे आला. त्या क्लबने २००३ मध्ये वेल्सची लीग आणि कप दोन्ही जिंकलं आणि लगेच आर्थिक डबघाईला आला. मग एका हंगामात बॉस्टन युनायटेड, लेटन ओरिएंट, रशडेन अँड डायमंड्स आणि डॉन्कास्टर रोव्हर्स. डॉन्कास्टर त्या वर्षी आपला विभाग जिंकून वर गेले, त्यामुळे विजेत्या संघात त्याचं नाव लागलं.

चार क्लब म्हणजे चार ड्रेसिंग रूम, चार प्रशिक्षक, चार भाड्याच्या खोल्या. आणि प्रत्येक ठिकाणी पहिल्या सरावाला तोच प्रश्न, तोंडावर नाही तर नजरेत: हा धावणार कसा?

लोअर लीगमधल्या खेळाडूची नोकरी असते तरी कशी?

कंत्राटी. करार बहुतेक वेळा एक वर्षाचा, फार तर दोन. तो ३० जूनला संपतो. मे महिन्यात, शेवटचा सामना झाला की काही दिवसांत क्लब यादी जाहीर करतो: कोणाला ठेवलं, कोणाला सोडलं. ज्यांना सोडलं त्यांना जूनअखेरपर्यंत पगार, पुढे ज्याचं त्याने बघावं. जुलैमध्ये बिनपगारी सरावाला जायचं, कोणी बघून पसंत केलं तर सही. मध्येच गुडघा गेला, पाय मोडला, तर पसंत कोण करणार?

अकिन्फेन्वाचं हे नेमकं झालं. वेल्समधल्या स्वान्सी क्लबात असताना २००७ मध्ये पायाचं हाड मोडलं. करार संपला आणि नवा क्लब मिळेपर्यंत नोव्हेंबर उजाडला. तो क्लब मिलवॉल. तिथे काही आठवडे काढले, गोल एकही नाही. जानेवारी २००८ मध्ये नॉर्दम्प्टनने घेतलं आणि गाडी परत रुळावर आली. नॉर्दम्प्टन, जिलिंगम, पुन्हा नॉर्दम्प्टन, पुन्हा जिलिंगम, मग एएफसी विम्बल्डन, मग विकम. आपल्याकडून गेलेल्या माणसाला दोन क्लबांनी परत बोलावलं. या धंद्यात यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र नसतं. प्रशिक्षकाला एक गोष्ट पक्की माहीत असायची: हा हंगामात दहा-पंधरा गोल देतो. नॉर्दम्प्टनकडून २००९-१० मध्ये १७, २०११-१२ मध्ये १८, पुढच्या वर्षी १६.

मग ते व्हॉट्सॲपचं वाक्य काय होतं?

३० मे २०१६. वेम्बली. लीग टूच्या प्ले-ऑफ फायनलमध्ये, म्हणजे बढतीची शेवटची जागा ठरवणाऱ्या सामन्यात, विम्बल्डनने प्लिमथला २-० हरवलं, दुसरा गोल याचा. सामना संपल्यावर मैदानातच टीव्हीचा माइक पुढे आला आणि हा म्हणाला की मी सध्या तांत्रिकदृष्ट्या बेरोजगार आहे, तेव्हा मॅनेजर लोकहो, व्हॉट्सॲपवर मेसेज टाका.

सगळी दुनिया हसली. क्लिप अजूनही फिरते, विनोदी म्हणूनच. पण वरचं उत्तर वाचून ती परत बघा. विम्बल्डन त्याचा करार वाढवणार नव्हतं, हे त्याला ठाऊक होतं. चौतीस वर्षांचा, शंभर किलोच्या वरचा माणूस, कारकिर्दीतला सगळ्यात मोठा दिवस, आणि महिनाभरात पगार बंद. तो नोकरीचा अर्ज करत होता, थेट प्रक्षेपणात. एवढ्या चांगल्या जागी अर्ज लागलेला मी दुसरा पाहिला नाही.

मेसेज आले. विकम वाँडरर्सचा प्रशिक्षक गॅरेथ एन्सवर्थ याने त्याला घेतलं, आणि तिथेच तो सहा वर्षं राहिला.

तो खरंच चांगला खेळायचा, की नुसताच धिप्पाड होता?

हा प्रश्न विचारणाऱ्याने त्याचे गोलच पाहिलेत, सामना पाहिलेला नाही.

एक प्रसंग सांगतो. असा दर सामन्यात दहा वेळा घडायचा. विकमचा गोलरक्षक लांब किक मारतो. चेंडू वरून येतोय. अकिन्फेन्वाची पाठ गोलकडे, मागे बचावपटू चिकटलेला. सगळे बघत असतात की हा उडी मारणार. तो मारत नाही. चेंडू हवेत असतानाच तो पार्श्वभाग मागे रेटून बचावपटूला अर्धं पाऊल ढकलतो, हात पंखांसारखे बाजूला, कोपर खाली म्हणजे फाउल नाही. चेंडू छातीवर येतो, छाती आत ओढली जाते, चेंडू पायाशी मेल्यासारखा पडतो. आता मागच्याला चेंडू दिसतच नाही. त्याच्यासमोर फक्त एक पाठ आहे. तेवढ्यात बाजूने पंखावरचा खेळाडू धावत सुटलेला असतो आणि बायो डाव्या पायाच्या बाहेरच्या कडेने चेंडू त्याच्या वाटेत सरकवतो. बचावपटूने वैतागून ढकललं तर फ्री किक. दोन्हीकडून फायदा विकमचा.

यात ताकद किती आणि वेळ साधणं किती? माझ्या मते निम्मं-निम्मं. ताकदवान स्ट्रायकर या पातळीवर पैशाला पासरी मिळतात. चेंडू छातीवर घेऊन थंड करणारे फार थोडे. वाढत्या वयात पळणं कमी झालं तरी तो टिकला तो यामुळेच. शेवटच्या काही वर्षांत त्याला साठ-सत्तर मिनिटं झाल्यावर उतरवायचे, समोरचे बचावपटू दमलेले असताना. दमलेल्या माणसाच्या अंगावर शंभर किलो टाकणं हा डावपेच क्रूर आहे, पण नियमात बसतो.

एवढं वजन असताना त्याला कोणी कमी करायला सांगितलं नाही?

आयुष्यभर. फुटबॉलसाठी तू फार मोठा आहेस, हे त्याने तरुणपणापासून ऐकलं. त्याने उलट जिम वाढवली, ‘बीस्ट मोड ऑन’ नावाने कपडे विकायला काढले, आणि ज्यावरून टोमणे खाल्ले त्याच्यावरच धंदा उभा केला.

पेनल्टी आणि प्ले-ऑफ यांचा काय संबंध? सगळे त्यावरच बोलतात.

आधी प्ले-ऑफ. हंगाम संपल्यावर वरचे काही संघ थेट बढती घेतात आणि त्यांच्या खालच्या चार संघांमध्ये उरलेल्या एका जागेसाठी लढत होते: दोन लेगची सेमीफायनल (एक सामना आपल्या मैदानावर, एक त्यांच्या) आणि एकच फायनल. ४६ सामन्यांची कमाई ९० मिनिटांत पणाला. फायनल वेम्बलीवर होते. २००१ ते २००६ या काळात नवं वेम्बली बांधून होत असल्याने ती कार्डिफला व्हायची.

अकिन्फेन्वा अशा पाच फायनलमध्ये होता.

पहिली २००६ ची, स्वान्सीकडून, बार्न्सलीविरुद्ध. खरं तर तो त्याचा सोन्याचा हंगाम. ऑगस्ट २००५ मध्ये स्वान्सीचं नवं कोरं लिबर्टी स्टेडियम उघडलं आणि तिथला पहिला लीग गोल त्याने ट्रॅनमियरवर मारला. एप्रिलमध्ये फुटबॉल लीग ट्रॉफीच्या फायनलमध्ये कार्लाइलविरुद्ध विजयी गोल त्याचाच. मग मे महिन्यातली ही फायनल २-२ सुटली, पेनल्टी शूटआउट झालं, आणि याने चेंडू बारवरून मारला. स्वान्सी हरलं. ज्या स्टेडियममध्ये आठ आठवड्यांपूर्वी कप उचलला, तिथेच.

दुसरी २०१३, नॉर्दम्प्टनकडून, ब्रॅडफर्डने ३-० धुतलं. त्याबद्दल बोलण्यासारखं काही नाही. तिसरी २०१६, चौथी २०२०, दोन्ही जिंकल्या. पाचवी २०२२, सुंदरलँडविरुद्ध ०-२, आणि तो त्याचा अखेरचा सामना. पाचात दोन.

लिव्हरपूलविरुद्धचा गोल?

५ जानेवारी २०१५, एफए कपची, म्हणजे लहानमोठ्या सगळ्या क्लबांच्या बाद स्पर्धेची, तिसरी फेरी. या फेरीत बडे क्लब स्पर्धेत उतरतात आणि चिठ्ठीत कोणाला कोण येईल सांगता येत नाही. विम्बल्डनला लिव्हरपूल आलं, तेही स्वतःच्या घरी, किंग्समेडोवर, जिथे पाच हजार माणसंही मावत नाहीत.

इथे थोडा इतिहास. जुन्या विम्बल्डनने १९८८ च्या एफए कप फायनलमध्ये याच लिव्हरपूलला १-० हरवलं होतं. पुढे त्या क्लबच्या मालकांना क्लब मिल्टन कीन्सला न्यायची परवानगी मिळाली, तेव्हा मागे राहिलेल्या चाहत्यांनी २००२ साली पदरमोड करून नवा क्लब काढला. तो हा एएफसी विम्बल्डन. अगदी तळाच्या गावठी लीगपासून वर चढत आलेला.

आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेली होती. घरचे झोपलेले, टीव्हीचा आवाज बंद. लिव्हरपूलचा कर्णधार जेरार्ड याने बाराव्या मिनिटाला हेडरवर गोल मारला. ३६ व्या मिनिटाला कॉर्नर, गोलरक्षक मिन्योलेची गडबड, गोलसमोर गर्दी, चेंडू तिथेच घोटाळलेला, आणि बायोने तो आत लोटला. दिसायला अगदी कुरूप गोल. लहानपणापासून ज्या क्लबसाठी जीव टाकला त्याच्यावर मारलेला. मी उशीत तोंड घालून ओरडलो. नंतर जेरार्डने फ्री किकवर दुसरा मारला आणि लिव्हरपूल २-१ जिंकलं. तो सामना जेरार्डचा होता. काहीच दिवसांपूर्वी त्याने क्लब सोडणार असल्याचं सांगितलं होतं. पण दुसऱ्या दिवशी मित्रांनी पाठवलेल्या फोटोंत बायोच होता.

विकम कुठे आहे? आणि उच्चार खरंच ‘विकम’ आहे का?

लंडनच्या वायव्येला, बकिंगहॅमशर परगण्यात. हो, ‘विकम’, स्पेलिंग वाचून ‘वायकोंब’ म्हणणारे आपण एकटे नाही. जिलिंगममध्ये ‘ग’ नाही, ‘ज’ आहे, हेही एकदा सांगून ठेवतो. विकम खुर्च्या बनवणाऱ्यांचं गाव, म्हणून क्लबचं टोपणनाव ‘चेअरबॉइज’. नॉर्दम्प्टन जोडे शिवणाऱ्यांचं, म्हणून ते ‘कॉबलर्स’, म्हणजे चर्मकार. उद्या कोल्हापूरच्या एखाद्या संघाला चपलेवरून नाव पडलं तर जसं शोभेल तसं.

विकममध्ये त्याने काय केलं?

बरंच. २०१७-१८ मध्ये लीगमध्ये १७ गोल, क्लब तिसरा येऊन थेट लीग वनमध्ये, आणि याची निवड लीग टूच्या वर्षातल्या सर्वोत्तम संघात, व्यावसायिक खेळाडूंच्या मतांनी. छत्तिसाव्या वर्षी.

मग २०१९-२०. मार्चमध्ये कोविडमुळे हंगाम थांबला तेव्हा विकम आठव्या क्रमांकावर होतं. उरलेले सामने रद्द झाले आणि गुणतक्ता प्रति सामना सरासरीवर लावला. एक सामना कमी खेळलेलं विकम एकदम तिसरं! नशीब म्हणा, पण पुढे फ्लीटवूडला आणि १३ जुलै २०२० ला रिकाम्या वेम्बलीत ऑक्सफर्डला २-१ हरवून ते १३३ वर्षांच्या इतिहासात प्रथमच दुसऱ्या पायरीवर पोचले, ते काही नशिबाने नाही.

सामन्यानंतर परत माइक, परत व्हॉट्सॲप. या वेळी तो म्हणाला की आता मला मेसेज करायचा तर फक्त युर्गन क्लॉपने (लिव्हरपूलचा तेव्हाचा प्रशिक्षक) करावा, म्हणजे दोघं मिळून साजरं करू. लिव्हरपूलने आदल्याच महिन्यात तीस वर्षांनी लीग जिंकलेली. क्लॉपने खरोखर व्हिडिओ पाठवला.

चॅम्पियनशिपमधलं वर्ष जवळजवळ सगळं बंद दारांआड गेलं. विकम बाविसावं आलं, ४३ गुण. वाचलेल्या डर्बीचे ४४. एका गुणाने खाली. एकशे तेहतीस वर्षं वाट पाहून मिळालेला हंगाम, आणि बघायला स्टँडमध्ये माणूस नाही. याची चुटपुट मला विकमचा काही संबंध नसताना अजून लागते.

जेमी वार्डी किंवा रिकी लॅम्बर्टसारखा तो वर का गेला नाही?

हे दोघं खालच्या लीगमधून वर चढले. वार्डी पळायचा. लॅम्बर्ट बिटाच्या कारखान्यात बाटल्यांची झाकणं लावण्यापासून इंग्लंडच्या संघापर्यंत गेला, कारण त्याचा पाय अचूक होता आणि शरीर पंचविशीनंतर घडत गेलं. प्रीमियर लीगमध्ये बचावफळी पुढे सरकून मागे पन्नास मीटर मोकळी सोडते आणि स्ट्रायकरने चेंडू गमावल्यावर पाठलाग करायचा असतो. अकिन्फेन्वाला ते जमलं नसतं, आणि तसं सोंगही त्याने आणलं नाही. मे २०१६ मध्ये वार्डी लेस्टरकडून प्रीमियर लीगचा चषक उचलत होता, त्याच महिन्यात हा वेम्बलीत नोकरी मागत होता. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते असं मला वाटतं. वार्डीचे चाहते यावर माझ्याशी भांडतात.

एकच क्लिप बघायची तर कोणती?

२०१६ ची पेनल्टी. गोलच्या क्षणापासून नका बघू, मिनिटभर आधीपासून बघा.

भरपाई वेळ दहा मिनिटांच्या पुढे गेलेली. विम्बल्डन १-० पुढे. पेनल्टी मिळते. ती घेण्याचं ठरलेलं दुसऱ्याच खेळाडूचं. पण चेंडू याच्या हातात आहे, आणि सोडायला तयार नाही. जोडीदार काहीतरी समजावतोय, हा मान हलवतोय. बदली म्हणून आलेला, ज्याला क्लब ठेवणार नाही असा माणूस, आणि कोणाची बिशाद आहे त्याच्याकडून चेंडू काढून घ्यायची? अखेर तो जोडीदार बाजूला होतो. बायो चेंडू ठिपक्यावर ठेवतो, मागे सरकतो. दहा वर्षांपूर्वी कार्डिफला बारवरून गेला होता. या वेळी चेंडू जाळ्यात, १०१ वं मिनिट. तो कोपऱ्याकडे पळत सुटतो, आणि हो, पळताना तो गेममधल्यापेक्षा बराच वेगवान दिसतो.